गाभ्याची भाषा कोणती? वडोदऱ्यातल्या एका ग्रंथालय-प्रणालीचं प्रकरण

वडोदऱ्यात आम्ही काही जण मिळून छोट्या ग्रंथालयांसाठी एक ओपन सोर्स वेब प्रणाली सांभाळतो. पुस्तकांची यादी, सभासद, देवघेव, अनामत आणि ज्यांच्याकडे जुनी दप्तरं आहेत त्यांच्यासाठी स्कॅन केलेल्या पानांची नोंद, एवढं तिचं काम. वापरणारी वाचनालयं मराठी आणि गुजराती. कुणी दांडिया बाजारातलं, कुणी रावपुऱ्यातलं, काही शहराबाहेरची. पगारी माणूस एकही नाही. या प्रणालीचा गाभा, म्हणजे बाकी सगळं ज्याला जोडलेलं आहे तो भाग, पुढे कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत ठेवायचा यावर आमच्यात चांगलीच जुंपली होती. निर्णय झाला, पण तो कसा झाला हे कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं. असाच प्रश्न इतर गटांपुढेही येतो, म्हणून हे सविस्तर टिपण.

प्रश्न उभा का राहिला

पहिला कोड पीएचपी या वेबसाठीच्या भाषेच्या ५ व्या आवृत्तीच्या काळातला. डेटाबेसशी बोलायला त्यात सगळीकडे मायएसक्यूएल या डेटाबेसची जुनी फंक्शनं वापरलेली. ती २०१३ साली पीएचपी ५.५ मध्येच कालबाह्य ठरवली गेली होती आणि २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली गेली. पीएचपी ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणंही ३१ डिसेंबर २०१८ ला थांबलं. बऱ्याच होस्टिंगवाल्यांनी जुनी आवृत्ती त्यानंतरही चालू ठेवली, त्यामुळे आमचं निभावत होतं. मग एका होस्टिंग कंपनीने ती बंद केली आणि तिच्याकडे जागा घेतलेल्या वाचनालयांची संकेतस्थळं एका रात्रीत कोरी पानं दाखवू लागली.

तात्पुरती डागडुजी झाली. पण कोड उघडून बसल्यावर दिसलं की एकाच फाइलीत एचटीएमएल, डेटाबेसच्या क्वेरी आणि विलंब आकाराचा हिशेब असं सगळं कालवलेलं आहे. डेटाबेसचा थर बदलायचा म्हणजे जवळजवळ प्रत्येक फाइलीला हात लावायचा. इथेच तो मोह सुरू झाला: एवीतेवी सगळं उकरायचंच आहे, तर भाषाच का बदलू नये?

"कोहा का नाही वापरत?" हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून त्याचं उत्तर आधी. कोहा ही न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय संस्थेसाठी लिहिलेली प्रणाली, जानेवारी २००० पासून वापरात, पर्लमध्ये. मोठ्या ग्रंथालयांना ती मी स्वतः सुचवतो. पण तिला स्वतंत्र लिनक्स सर्व्हर लागतो आणि मार्क या ग्रंथालयीन नोंदींच्या पद्धतीने नोंदी करणारं माणूस लागतं. आमच्या वाचनालयांकडे यातलं काहीच नाही. मात्र कोहाचा एक धडा चर्चेत सतत समोर होता: पर्लची चलती संपून किती वर्षं झाली, तरी कोहा धडधाकट आहे, कारण ते सांभाळणारी माणसं टिकली.

कोण कशाच्या बाजूने

बेंगळुरूत नोकरी करणारा आमचा एक जण गो भाषेचा आग्रही. स्कॅन आणि ओसीआरचं, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर काढण्याचं, काम पाहणाऱ्या ताईंना पायथन आणि त्यातली वेब चौकट जँगो हवी होती. कलाभवनातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा ओढा नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) आणि टाइपस्क्रिप्टकडे (प्रकार लिहून केलेलं जावास्क्रिप्ट). रस्टचं नावही निघालं, पण ती रोज लिहिणारं आमच्यात कुणीच नव्हतं, तेव्हा तो विषय तिथेच संपला. पीएचपीच्या बाजूने बोलायला सुरुवातीला फक्त एक काका होते, निवृत्त, मूळ कोडमधला बराचसा भाग त्यांचाच. त्यामुळे त्यांचं बोलणं आपल्या लेकराची बाजू घेतल्यासारखं वाटायचं आणि त्यातला मुद्दा झाकला जायचा.

तोंडी वाद कितीही घालता येतो. म्हणून प्रत्येक बाजूने तेच छोटं काम आपापल्या भाषेत करून आणायचं ठरलं: पुस्तकाची नोंद जतन करणं, शोधणं, यादी मराठी वर्णक्रमाने लावणं, नाव लेबलवर मावेल इतकं कापणं. शिवाय हे सगळं एका वाचनालयाच्या नेहमीच्या होस्टिंगवर आणि वाचनकक्षातल्या विंडोज पीसीवर बसवून दाखवणं. वेगाची चाचणी मुद्दाम वगळली. दिवसाकाठी जिथे थोडेच लोक शोध घेतात, तिथे भाषेच्या वेगाने काही बिघडत नाही. बिघडलं तर ते डेटाबेसला इंडेक्स नसल्याने बिघडतं.

देवनागरीची परीक्षा

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी प्रणालीत खरी मेहनत इथे आहे आणि भाषा निवडताना नेमकं हेच कुणी तपासत नाही.

"वडोदरा" हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं चार दिसतात: व, डो, द, रा. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबी ते सहा संकेतबिंदू आहेत, कारण ओकार आणि काना वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू तीन बाइट घेतो, म्हणजे एकूण अठरा. आता लांबी विचारली तर पीएचपीचं साधं फंक्शन अठरा सांगतं, गो देखील अठरा, पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट सहा. पीएचपीमध्ये संकेतबिंदू मोजणारं एमबी-फंक्शन वापरलं तर सहा मिळतात आणि इंटल या जोडभागातलं ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं, मोजणारं फंक्शन वापरलं तर चार. आमच्या जुन्या कोडमध्ये लेबलवर नाव कापताना बाइट मोजले जात होते, म्हणून नावाच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटायचं. पायथनच्या नमुन्यात प्रश्नचिन्ह गेलं, पण "डो"चा ओकार गळून नुसता "ड" उरू शकत होता. वाचणाऱ्याला ही चूक जास्त फसवते, कारण ती चूक वाटतच नाही.

मग वर्णक्रम. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल नंतर आणि व च्या आधी लागतो, तर आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. त्यामुळे कोणत्याही भाषेत नुसतं सॉर्ट म्हटलं की "काळ" आधी, मग "काव्य", मग "काशी" अशी यादी मिळते. मराठी वाचक "काळ" शेवटी शोधणार. क्ष आणि ज्ञ ची गंमत आणखी वेगळी: एका वाचनालयाला "क्षितिज" क च्या कप्प्यात हवं होतं, दुसऱ्याला वर्णमालेच्या अगदी शेवटी. दोन्ही ठिकाणी तीस-तीस वर्षं त्याच क्रमाने कपाटं लागलेली आहेत. तिथे बरोबर कोण, हे सॉफ्टवेअरने ठरवायचं नसतं.

आणि शोधाचा प्रश्न. विषयवारीत "कादंबऱ्या" हा कप्पा दोनदा दिसत होता, अर्धी पुस्तकं एकात, अर्धी दुसऱ्यात. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी एकसारखे. आत पाहिलं तर एका ठिकाणी नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि या, तर दुसऱ्या ठिकाणी साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि या. कीबोर्डानुसार टंकन बदललं होतं. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो, भाषा कुठलीही असो. "ॲ" चंही तसंच: स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि अ ला चंद्र जोडूनही.

वडोदऱ्यात मोडीला वगळून चालत नाही. संस्थानकाळची कितीतरी कागदपत्रं मोडीत आहेत आणि काहींना नोंदीत मोडी शीर्षक जसंच्या तसं ठेवायचं असतं. युनिकोडने मोडी २०१४ साली, आवृत्ती ७.० मध्ये घेतली, पण मूळ पट्ट्याच्या बाहेर. परिणाम असा की एक मोडी अक्षर पायथनला एक वाटतं, जावास्क्रिप्टला दोन, आणि बाइटमध्ये चार. मायएसक्यूएलच्या ज्या जुन्या संचाला यूटीएफ-८ म्हटलं जायचं तो तीन बाइटांपलीकडे जातच नाही, त्यामुळे तिथे मोडी साठवताच येत नाही. यूटीएफ-८-एमबी-४ हा संच लागतो. ही अडचणही सगळ्या भाषांना सारखीच.

या परीक्षेत पायथन सर्वांत सुटसुटीत ठरलं, यात वाद नाही. आयसीयू ही युनिकोडची मूळ लायब्ररी पीएचपीला इंटलमधून, पायथनला वेगळ्या पॅकेजातून आणि नोडला आतूनच मिळते. गोची स्वतःची वेगळी सोय आहे. पण नोडचा अंगभूत कोलेटर, म्हणजे क्रम लावणारा भाग, दोन शब्दांची फक्त तुलना करतो, डेटाबेसात साठवून ठेवता येईल अशी क्रमकळ (सॉर्ट की) देत नाही. हजारो नोंदींची यादी पानापानाने दाखवायची तर ती कळ हवीच.

पण या सगळ्यातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट भाषेच्या निवडीबाहेरची आहे. आम्ही वर्णक्रम, ऱ चे पर्याय, ॲ चे पर्याय हे सगळं कोडमधून काढून एका साध्या मजकुराच्या सारणीत ठेवलं आणि तिच्याबरोबर नमुन्याच्या शब्दांची यादी, अपेक्षित क्रमासह. कोणतीही भाषा ही फाइल वाचू शकते. क्ष कुठे ठेवायचा हे वाचनालय स्वतः त्यात एक ओळ बदलून ठरवतं. उद्या पीएचपी गेलं तरी हे ज्ञान जाणार नाही.

बसवणार कोण

नमुने पाहून झाल्यावर ग्रंथपाल ताईंनी सगळ्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "भाषा तुम्ही कुठलीही घ्या. रविवारी सकाळी बंद पडलं तर माझ्याकडे कोण येणार, तेवढं सांगा." त्यांनी या शहराचाच दाखला दिला. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्यात फिरती ग्रंथालयं होती, पेट्यांत भरलेली पुस्तकं गावोगाव पाठवली जात. ताई म्हणाल्या, ती पेटी जिथे पोचायची तिथे ती उघडणारा माणूस शिकलेला ग्रंथपाल असेल असं कुणी गृहीत धरलं नव्हतं.

आमच्या वाचनालयांची स्थिती काय आहे? वर्षाला एकदा वार्षिक सभेत मंजूर होणारं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांची संकेतस्थळं असलेल्या सर्व्हरवरची जागा. त्यावर सीपॅनेल हा नियंत्रणफलक, पीएचपी, मायएसक्यूएल किंवा तसाच मारियाडीबी हा डेटाबेस. फाइली चढवायच्या, पत्त्यावर जायचं, चालू. गो किंवा नोडची प्रोसेस सतत चालू ठेवायची तर यातल्या बहुतेक ठिकाणी परवानगीच नाही. व्हीपीएस, म्हणजे आपणच सांभाळायचा आभासी सर्व्हर, घ्यावा लागतो. व्हीपीएसचा खर्च आता फार नाही, पण त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट ठेवणं, प्रमाणपत्र नूतनीकरण, बॅकअप हे सगळं कुणाच्या तरी गळ्यात पडतं. ते कुणाच्या, हा ताईंचा प्रश्न.

गोच्या बाजूने एक फार भक्कम गोष्ट होती आणि ती मी इथे पूर्ण वजनानिशी नोंदवतो. वाचनकक्षातल्या विंडोज पीसीवर, इंटरनेट नसताना, गोचा नमुना म्हणजे एकच फाइल. डबल क्लिक केलं की चालू. पीएचपीसाठी तिथे झॅम्प (सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस यांचा एकत्र संच) बसवावं लागलं आणि ते बसवतानाच आमची अर्धी दुपार गेली. शिवाय गोने मार्च २०१२ मध्ये पहिल्या आवृत्तीबरोबर दिलेलं वचन, की जुना कोड पुढेही चालत राहील, त्यांनी पाळलं आहे. पीएचपी ७ मुळे जे आमच्यावर ओढवलं, ते तिथे ओढवलं नसतं. फक्त ऑफलाइन वाचनालयं असती तर मी डोळे मिटून गोला मत दिलं असतं.

पण गोचं दुसरं अंग जोडणीचं. प्रत्येक वाचनालयाचे आपापले नियम असतात: बालविभागाला दंड नाही, दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी, आजीव सभासदांना दोन पुस्तकं जास्त. असे बदल आजवर कुणीतरी स्थानिक मुलगा, बीसीए किंवा डिप्लोमाचा, छोटी पीएचपी फाइल लिहून करत आला. वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवण्याच्या प्रणालीभोवती एवढी दुनिया उभी राहिली तीही याच सोयीमुळे, फोल्डरमध्ये फाइल टाकली की ती गाभ्यात ठरवून ठेवलेल्या जोड-जागांना (हुक) अडकते. गोमध्ये गाभा कंपाइल झालेला, म्हणजे आधीच एका बंद फाइलीत बांधलेला. प्लगइनची सोय २०१७ पासून आहे, पण ती विंडोजवर चालत नाही आणि प्लगइन व गाभा एकाच आवृत्तीच्या साधनांनी बांधावे लागतात. आमच्या मुलाकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. गाभ्याची भाषा ही अशा रीतीने जोडणाऱ्या प्रत्येकाची भाषा बनते, हे चर्चेत उशिरा लक्षात आलं आणि मग पारडं झपाट्याने फिरलं.

इतरांचे दाखले

विकिपीडियाचा गाभा, मीडियाविकी, पीएचपीत आहे. त्यांनी पार्सॉइड नावाचा महत्त्वाचा भाग, जो विकीच्या मजकुराचं एचटीएमएल करतो, वेगळी सेवा म्हणून नोडमध्ये लिहिला. उत्तम चालत होता. पण मीडियाविकी स्वतःच्या होस्टिंगवर बसवणाऱ्या छोट्या लोकांना दृश्य संपादक हवा असेल तर शेजारी नोडची सेवाही चालवावी लागे, आणि शेअर्ड होस्टिंगवर ते जमत नसे. २०१९ मध्ये त्यांनी तो भाग पीएचपीत आणला आणि २०२० च्या १.३५ आवृत्तीपासून दृश्य संपादक वेगळ्या सेवेशिवाय चालू लागला. एवढी साधनसंपत्ती असलेली संस्था छोट्या वापरकर्त्यांची अडचण ध्यानात घेऊन असं करते, तर आम्ही उलट्या दिशेने का जावं?

त्याच संस्थेचा दुसरा दाखला वेगाचा. २०१४ मध्ये ते वेगासाठी एचएचव्हीएम या पीएचपी चालवणाऱ्या फेसबुकच्या साधनावर गेले. पुढे पीएचपी ७ स्वतःच वेगवान झालं, एचएचव्हीएमने पीएचपीची साथ सोडली, आणि २०१९ मध्ये ते परत साध्या पीएचपीवर आले. कुणा एका कंपनीच्या गरजेवर उभ्या असलेल्या साधनावर गाभा टेकवू नये, एवढं मी त्यातून घेतलं.

पायथनप्रेमींना पायथन २ ची आठवण करून दिली गेली: ३.० आली डिसेंबर २००८ मध्ये, २ ची साथ सुटली १ जानेवारी २०२० ला, आणि मधली अकरा वर्षं कितीतरी स्वयंसेवी प्रकल्प स्थलांतरात अडकले. नोडच्या बाबतीत मार्च २०१६ चा लेफ्ट-पॅड प्रसंग पुरेसा होता: अकरा ओळींचं एक पॅकेज एनपीएम या नोडच्या पॅकेजांच्या भांडारातून काढलं गेलं आणि जगभरचे बिल्ड तुटले. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबचा दाखला मात्र मला वेगळ्या कारणाने आवडतो. त्यांनी रुबी ऑन रेल्सचा गाभा टाकून दिला नाही, फक्त गिटच्या फाइलींशी बोलणारा जड भाग गोमध्ये वेगळा काढला.

निर्णय

गाभा पीएचपीतच, पण ८ व्या मालिकेत, आणि जुन्या सवयींशिवाय. डेटाबेसशी बोलणं फक्त पीडीओ या पीएचपीच्या नव्या जोडणीमधून. प्रत्येक फंक्शनला प्रकार लिहिलेले, स्थिर तपासणी (कोड न चालवता केलेली) पास झाल्याशिवाय कोड आत घ्यायचा नाही. एचटीएमएल वेगळं. एकदम सगळं नव्याने लिहायचं नाही. एकेक विभाग बदलायचा, आधी देवघेव, मग सभासद, आणि जुना विभाग नवा चालू होईपर्यंत शाबूत.

पायथन ओसीआर पाहणाऱ्या ताईंच्या कामाला राहिलं. ओसीआरसाठी टेसरॅक्ट वापरतो, त्यात मराठीचा प्रशिक्षित संच आहे. पण पार्सॉइडचा अनुभव पाहता ही सेवा वाचनालयाच्या होस्टिंगवर ठेवली नाही. ती स्वयंसेवकांच्या मशीनवर चालते, तयार मजकूर गाभ्यात चढवला जातो. सेवा बंद असली तरी पुस्तक देणं-घेणं अडत नाही.

या निर्णयाची किंमतही पडली. टाइपस्क्रिप्टचा आग्रह धरणारा एक विद्यार्थी, फार हुशार, गटातून बाहेर पडला. "काका, मी पीएचपी शिकून नोकरीच्या मुलाखतीत काय सांगू?" असं त्याने विचारलं, आणि काकांनीही त्याला खोटा दिलासा दिला नाही. नवी मुलं पीएचपीकडे कमी वळतात हे मला दिसतं, आणि या निर्णयातली माझी सर्वांत मोठी काळजी तीच आहे. आज बसवणारा सुखी झाला, उद्या लिहिणारा मिळाला नाही तर? यावर उपाय म्हणून समोरच्या पडद्यांचा भाग, जो ब्राउझरमध्ये चालतो, तो टाइपस्क्रिप्टमध्ये ठेवला आहे. तिथे नवीन मुलं येतात. त्यातली किती गाभ्यापर्यंत पोचतील हे पुढे पाहायचं.

निर्णयाच्या नोंदीत तो पुन्हा उघडण्याच्या अटीही लिहिल्या आहेत. बहुतेक वाचनालयं शेअर्ड होस्टिंग सोडून दुसरीकडे गेली, किंवा गाभ्यात बदल तपासणारी पीएचपी जाणती माणसं दोनपेक्षा कमी उरली, किंवा ऑफलाइन वापर मुख्य झाला, तर विषय परत पटलावर येईल आणि तेव्हा गोचा नमुना पहिल्यांदा उघडला जाईल. तो आम्ही रिपॉझिटरीत वेगळ्या शाखेत जपून ठेवला आहे, वर्णक्रमाच्या सारणीची चाचणी त्यावरही चालते.

सध्या देवघेवीचा विभाग नव्या रचनेवर आला आहे, सभासदांचं काम चालू आहे. मोडीतल्या शीर्षकांचा शोध अजून अर्धवट आहे: साठवण नीट होते, पण मोडी आणि देवनागरी रूपं एकमेकांशी जुळवणारी सारणी तयार व्हायची आहे. मोडी वाचता येणाऱ्या कुणालाही त्यात हात लावता येईल, कोड न लिहिता.